अरुंधतीच्या लग्नाला मावशीचा विरोध का होता

२०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. 'आई कुठे काय करते' या मालिकेत अरुंधती आणि आशुतोषच्या लग्नाचा ट्रॅक चालू होता आणि मी सांगलीला आईकडे आले होते. संध्याकाळचे साडेसात, टीव्हीसमोर आई, मावशी आणि शेजारच्या काकू, मध्ये मटारच्या शेंगांचं ताट. टीव्हीवर लग्नाचीच काहीतरी बोलणी चालली होती आणि मावशी शेंगा सोलता सोलता एकदम म्हणाली, "काय नडलं होतं गं हिचं? पोरं मोठी झाली, गाणं मिळालं, स्वतःच्या पायावर उभी राहिली, आता हे लग्न कशाला?" आई म्हणाली, "का, तिनं का करू नये?" आता माझी आई म्हणजे सगळे उपास, सगळी सोवळी-ओवळी पाळणारी बाई, तिच्या तोंडून हे ऐकून मीच चमकले. मावशीनं हातातली शेंग ताटात टाकली, "बघा मग तुम्हीच" म्हणाली आणि चप्पल घालून सरळ घरी निघून गेली. दोन गल्ल्या सोडून तिचं घर आहे. तिचा चष्मा शेंगांच्या टरफलांत तसाच राहिला.

माझे बाबा पेपरातून डोकं वर काढून हसले. "अहो सिरियल आहे ती, भांडताय काय."

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. सिरियल आहे ती. मला त्या वाक्याबद्दलच लिहायचंय कारण मला आता पक्कं वाटायला लागलंय की आपल्याकडे मालिकेच्या एखाद्या एपिसोडवर बायका जे बोलतात ते हसण्यावारी नेऊन आपण फार मोठी चूक करतोय. बायका त्या एपिसोडबद्दल बोलतच नसतात. म्हणजे बोलतात तेच, अरुंधती, अनिरुद्ध, संजना, पण बोलणं चाललेलं असतं आपल्या घराबद्दल, आणि ज्या गोष्टी सरळ बोलायला कधी जागाच नव्हती त्या अरुंधतीच्या नावावर बोलता येतात.

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली, मूळ कल्पना बंगाली 'श्रीमयी' ची, त्यावरूनच हिंदीत 'अनुपमा' आली. मधुराणी प्रभुलकर अरुंधती. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, सगळ्या घराचं करणारी, आणि नवऱ्याचं ऑफिसमधल्या संजनाशी प्रकरण. मग घटस्फोट, नवऱ्याचं त्या संजनाशी लग्न, अरुंधतीचं गाणं, नोकरी, आणि कॉलेजपासून ओळखणारा आशुतोष. बराच काळ ही मालिका मराठी टीआरपीच्या यादीत पहिल्या नंबरावर होती, म्हणजे लाखो घरांत रोज हे बघितलं जात होतं.

घटस्फोटापर्यंत सगळ्या बायका अरुंधतीच्या बाजूने होत्या. एकजात. "बरं केलं, सही करून टाकली" असं आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या आजी म्हणाल्या होत्या. पण दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली आणि एकदम फूट पडली. सोशल मीडियावर तर काय काय येत होतं, या वयात शोभतं का, आजी व्हायच्या वयात नवरी होतीये, मुलांवर काय संस्कार, हेच का तुमचं स्त्री सक्षमीकरण. दुसऱ्या बाजूने तेवढ्याच जोरात, तिने का जगू नये, अनिरुद्धने केलं तेव्हा कुठे होते संस्कार. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा राग आला होता पण धक्का कुणाला बसला नव्हता, बायकोने केलं तेव्हा धक्का बसला, हा फरक मला तेव्हाच टोचला होता.

आणि मग बातम्या. "नेटकरी संतापले", "प्रेक्षकांनी झापलं", "मालिका बंद करा". आत जाऊन बघावं तर पाच कमेंट चिकटवलेल्या. कोण म्हणतंय, का म्हणतंय, ती बाई कुठल्या वयाची, कुठल्या घरातली, काही नाही. पाच कमेंटची एक बातमी आणि बातमीखाली पुन्हा पन्नास कमेंट. त्या बाईचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही, फक्त तिचा राग उचलून विकला.

मला इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याला शाळेपासून माहीत आहे हे. पण बहिष्कार कुणी घातला, तर गावातल्या पुरुषांनी बैठक घेऊन. त्या गावातल्या बायकांना काय वाटलं होतं? विहिरीवर, माजघरात त्या काय बोलल्या? ते कुणी लिहून ठेवलं नाही. गोदूबाई म्हणजे आनंदीबाई कर्वे, त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं म्हणून निदान एका बाईची बाजू आपल्याकडे आहे, बाकीच्यांचं काही नाही. आणि आता १३० वर्षांनी तोच प्रश्न, दुसऱ्या लग्नाचा, आणि हजारो बायका स्वतःच्या तोंडाने त्यावर बोलतायत, चुकीचं बोलतायत, बरोबर बोलतायत, पण बोलतायत, आणि आपण काय करतोय तर हसतोय. सांगलीपासून फार लांब नाही ते शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव, तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होती आणि व्हायलाच हवी होती. पण त्या ठरावावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली त्याच्या शंभर पट चर्चा अरुंधतीच्या लग्नावर झाली हेही तितकंच खरं आहे, कारण ठराव एकदा वाचला की झाला, अरुंधती रोज साडेसातला घरात येत होती.

आता कुणी म्हणेल की हे सगळं आत्ताचं फॅड आहे, सोशल मीडियामुळे. तसं अजिबात नाहीये. दूरदर्शनवर 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, १५६ भाग, डिसेंबर १९८५ पर्यंत. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. मी तेव्हा लहान होते, मला फक्त ते शेवटचं बोलणं आठवतं. प्रेक्षकांची पत्रं किती आली माहितीये? सुमारे चार लाख. पोस्टकार्ड आणायचं, लिहायचं, पेटीत टाकायचं, एवढं करून चार लाख. आणि अशोककुमार त्यातल्या पत्रांचा विषय काढून बोलायचे. म्हणजे टीव्हीवरून कुणीतरी सांगत होतं की तुमचं म्हणणं पोचलं.

पण त्याच 'हम लोग' मधली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यात भागवंती नावाची आई आहे. सगळं सहन करणारी, नवरा दारुडा, सासूचं बोलणं खाणारी, स्वतःसाठी कधी काही न मागणारी. मालिका करताना विचार असा होता की हिचे हाल बघून बायका म्हणतील की आपल्याला असं नाही व्हायचं. मालिका लोकशिक्षणासाठीच काढली होती, मेक्सिकोत असे प्रयोग झाले होते त्यावरून. आणि झालं काय, तर नंतर अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कितीतरी जणांनी, त्यात बायकासुद्धा, भागवंतीच आदर्श आहे असं सांगितलं. कुटुंबासाठी झिजणारी, खरी आई.

यावर शहाणी माणसं काय म्हणतात? बायकांना कळत नाही. मागासलेल्या आहेत. स्वतःच्या पायात स्वतःच बेडी घालतात. मीही असंच म्हणायचे, खोटं कशाला सांगू, कॉलेजमध्ये असताना तावातावाने म्हणायचे.

त्या दिवशी मी मावशीचा चष्मा द्यायला तिच्या घरी गेले. मावशी माझ्या आईपेक्षा मोठी, तेव्हा अडुसष्टची. तिच्या नवऱ्यानं १९९० च्या सुमारास दुसरी बाई आणली आणि मावशी चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली. घटस्फोट झाला नाही, कुणी कोर्टाची पायरी चढलंच नाही, आजोबा म्हणाले चार लोकांत शोभा नको. मावशीनं ब्लाऊज शिवले, साड्यांना फॉल-पिको केलं, त्यावर मुलीला इंजिनिअर केलं. गळ्यात मंगळसूत्र तसंच. रेशनकार्डावर, बँकेत, सगळीकडे त्याच माणसाचं आडनाव. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं पण शेवटी, सगळ्या झाल्यावर, म्हणजे सवाष्ण तर आहे पण कुठली सवाष्ण हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. अशा बायकांना परित्यक्ता म्हणतात, त्यांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात चळवळ झाली, संगमनेरला परिषद झाली, हे सगळं मी पुस्तकात वाचलं. मावशीच्या कानावर तो शब्द कधी आला असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे "अक्का माहेरी असते" एवढंच म्हणायचे.

मी गेले तर ती शिलाई मशीनपाशी बसली होती, मशीन बंद, पायडलवर पाय नुसताच. चष्मा घेतला, पदराने पुसला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ती बरोबर असेल तर मग मी काय केलं गं तीस वर्षं?"

मला काही बोलता आलं नाही. तिनेच चहा टाकला, मग मुलीच्या नोकरीचं बोलली, पुण्यातल्या पावसाचं बोलली. अरुंधतीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पण मला त्या दिवशी भागवंती समजली. म्हणजे तिला आदर्श मानणाऱ्या त्या बायका समजल्या. ज्या बाईने आयुष्यभर सोसलं तिला तुम्ही टीव्हीवर दाखवता की सोसायची काही गरज नव्हती, दुसरा रस्ता होता, तो घेतला असता तर चाललं असतं, तर तिने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? तिच्या हातात तेवढंच आहे, सोसलेलं. ते व्यर्थ होतं असं ती कशी म्हणेल. ती अरुंधतीलाच नावं ठेवणार. तिला नावं ठेवू द्या. पण ते नावं ठेवणं म्हणजे मागासलेपणा असं म्हणून मोकळे होऊ नका, त्या नावं ठेवण्याच्या आत बघा काय आहे. माझ्या आईला अरुंधतीचं लग्न पटलं कारण आईचा संसार सुखाचा आहे, तिला त्यात गमवायचं काही नव्हतं. पुरोगामी आई आणि मागासलेली मावशी असा तो मामलाच नव्हता.

आणि हे जे आत असतं ते चॅनेलला दिसत नाही, दिसायची सोयच नाहीये. टीआरपी कसा मोजतात ते बघा. साधारण २०२० च्या हिशोबाने देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटी आणि बार्क म्हणजे टीआरपी मोजणारी संस्था, तिचे मीटर लागलेली घरं चव्वेचाळीस हजार. त्या घरात कुणी, किती वेळ, कुठलं चॅनेल लावलं एवढं मीटर सांगतं. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्या आकड्यांवर मालिकेचं नशीब. आता तुम्हीच सांगा, मावशी चिडून बघतीये आणि आई खूश होऊन बघतीये, मीटरला दोघी सारख्याच. रडून उठून गेली तर फक्त एक माणूस कमी झालं. राग आला म्हणून जास्त बघितलं तर आकडा वाढला, की लगेच ठरतं की लोकांना हे आवडतंय, अजून चिडवा. मग प्रोमो तसाच कापतात, रविवारी महाएपिसोड लावतात, ट्रॅक ओढतात. एपिसोड थोडेच दिवस आधी शूट होतात त्यामुळे आकडा बघून कथा फिरवणं अवघड नसतं. म्हणजे प्रतिक्रिया ऐकून मालिका बदलतात हे खरं आहे पण ऐकतात ते फक्त आकड्यातून. चार लाख पत्रांपासून आपण चव्वेचाळीस हजार मीटरवर आलो, याला प्रगती म्हणावं असं मला वाटत नाही.

अजून एक. पुरुषांनी मालिकेवर प्रतिक्रिया दिली की तिला काय म्हणतात? १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' लागायची, बासू चॅटर्जींची. टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवर एक भाग झाला तर टॅक्सीवाले निषेधाचा मोर्चा घेऊन दूरदर्शनवर गेले. गॅस सिलेंडरच्या भागावर गॅस वितरकांनी आक्षेप घेतला. 'रामायण' १९८८ मध्ये संपायला आलं तेव्हा पंजाबात वाल्मिकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला की पुढची लव-कुशांची कथा दाखवा, आणि ती दाखवावी लागली. याला आपण मोर्चा म्हणतो, संप म्हणतो, आंदोलन म्हणतो, आणि बरोबरच आहे. पण 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये २००१ ला मिहीर मेला, देशभरातल्या बायकांनी फोन करून करून त्याला परत आणायला लावलं, त्याला मात्र अजूनही वेड म्हणतात, किस्सा म्हणून सांगतात, हसतात. दोन्हीकडे लोकांनी एका गोष्टीवर हक्क सांगितला होता. एवढा मोठा हक्क बायकांनी एकत्र येऊन दुसऱ्या कुठल्या बाबतीत त्या काळात सांगितला होता मला आठवत नाही.

तसंच जान्हवीचं. 'होणार सून मी ह्या घरची' मधलं तिचं बाळंतपण २०१५ मध्ये लांबत गेलं आणि व्हॉट्सॲपवर जोकचा पाऊस पडला. मालिका ओढली होती हे खरंच, त्यावर बोलायलाच हवं होतं. पण ते जोक पाठवणारे माझ्या ऑफिसातले निम्मे लोक मालिका बघतच नव्हते. त्यांना जान्हवीशी काही घेणं नव्हतं, ती बघणाऱ्या बायकांना हसायचं होतं. आणि त्या काळात माझी एक मैत्रीण, जिला तीन वेळा दिवस जाऊन राहिले नव्हते, ती रोज आठ वाजता ते बघत बसायची आणि कुणाला सांगायची नाही की ती बघते. लाज वाटायची तिला. बघण्याची लाज आणि बघून जे वाटतं त्याची लाज, दोन्ही. तिला कुणी विचारलं असतं की तुला काय वाटतं, तर ती काय काय बोलली असती. आम्हीही विचारलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती मी लपवणार नाही. प्रतिक्रिया म्हणून काहीही खपवून घ्यायचं का? नाही. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला शिव्या पडणं आपल्याकडे जुनं आहे. निळू फुल्यांना बायका रस्त्यात बघून बोटं मोडायच्या, शिव्या द्यायच्या, आणि ते त्याला आपल्या कामाची पावती म्हणायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती शिवी समोरासमोर होती. ती बाई गावात राहणारी, तिचा चेहरा त्यांना दिसत होता, त्यांचा तिला, आणि शिवी होती पडद्यावरच्या माणसाला. आता जे चालतं ते तसं नाही. नटीच्या फोटोखाली तिच्या शरीरावर, तिच्या खऱ्या आईवर, तिच्या मुलीवर लिहिलं जातं, तेही नाव-गाव लपवून. हे लिहिणाऱ्यांत बायकाही आहेत आणि पुरुष तर आहेतच. पात्राने लग्न केलं म्हणून नटीच्या घराबद्दल घाण लिहिणं, ही प्रतिक्रिया नाहीच, हे त्रास देणं आहे आणि त्याची तक्रार पोलिसांत व्हायला पाहिजे. मला वाटतं या दोन गोष्टी आपण एकत्र केल्या आहेत आणि त्यात नुकसान मावशीसारख्यांचं झालंय. कारण "प्रेक्षक" म्हटलं की आता लोकांना तो शिव्या देणारा ट्रोल आठवतो. मावशीचं तर कुठे अकाउंटच नाही.

काही लोक म्हणतात मालिकांनी समाजसुधारणा करायचा ठेका घेतलेला नाही, ते मनोरंजन आहे, तुम्ही जास्तच खोल जाताय. मालिका वाईट असतात, ओढलेल्या असतात, कटकारस्थानं दाखवतात, मान्य, मीही अर्ध्या मालिका बघू शकत नाही. पण मी मालिकेच्या दर्जाबद्दल बोलतच नाहीये. देवळात कीर्तन कसं होतं यावर तिथे जमलेल्या बायका काय बोलल्या याची किंमत ठरत नाही. घरातली बाई दिवसातून एकदा, बावीस मिनिटं, तिच्यासारख्याच एका बाईबद्दल चारचौघात मत देते, त्या मताला तुम्ही मत म्हणणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि ठेका घेतला नसला तरी एवढ्या घरांत रोज जाणारी गोष्ट लिहिणाऱ्याला तिचं वजन माहीत असायला हवं.

हे वजन काय असतं ते २०२४ मध्ये कळलं. मार्चच्या सुमारास मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. आई दुपारी झोपते, काकूंच्या घरी नातवाची शाळा, त्यामुळे तिघींचं एकत्र बघणं मोडलं. मावशी मात्र दुपारी मशीनवर बसून एकटी बघायची. हो, बघायची. लग्नाला विरोध होता पण एक एपिसोड सोडला नव्हता तिने. आणि एक दिवस मी ऑफिसात असताना तिचा फोन आला, दुपारी कधी करत नाही म्हणून मी घाबरून उचलला, तर म्हणाली, "मेला गं तो." मला वाटलं तिचा नवराच. कोण गं, म्हटलं. "आशुतोष."

अपघातात मारलं होतं त्याला. मालिकेत असं का होतं याची हजार कारणं असू शकतात आणि ती मला माहीत नाहीत, मला त्यात पडायचंही नाही. पण महाराष्ट्रातल्या घराघरात त्याचा अर्थ काय निघाला ते मी स्वतःच्या कानाने ऐकलंय. मावशीची एक भिशी आहे, बारा जणी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी. तिथे विषय निघालाच. एक जण म्हणाली, "बघा, देवालाच मान्य नव्हतं ते." दुसरी म्हणाली, "एकदा जे नशिबात नाही ते दुसऱ्यांदा कसं असेल." माना हलल्या. म्हणजे वर्षभरापूर्वी सगळ्या बायकांच्या मनात जे जरासं किलकिलं झालं होतं, की असंही करता येतं, ते एका अपघाताच्या सीननं लावून टाकलं, आणि वर देवाचा शिक्का. लिहिणाऱ्यांना असं म्हणायचं नसेलही. पण ऐकणाऱ्यांनी तेच ऐकलं.

आणि माझी मावशी, जिने ताटात शेंग टाकून दिली होती ती, तिथे भांडली. काकू होत्या तिथे, त्यांनी मला सगळं सांगितलं. मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "देवानं नाही मारलं त्याला. लिहिणाऱ्यानं मारलं. देवाला कशाला मध्ये घेता?" कुणीतरी म्हणालं अक्का तुम्हीच तर तेव्हा म्हणत होता कशाला लग्न. तर म्हणाली, "मी म्हणत होते. पण केलं होतं ना तिनं? सुखात होती ना? मग?"

मला नाही माहीत त्या वर्षभरात तिच्या आत काय झालं. रोज बावीस मिनिटं ती काय बघत होती आणि काय विचार करत होती. तिने सांगितलं नाही आणि हे असलं मोजायचं मीटर कुठे नसतं. पण एका बाईचं मत एका वर्षात इथून तिथे गेलं, अडुसष्टाव्या वर्षी, हे मी बघितलंय, त्यामुळे कुणी माझ्यासमोर म्हणालं की सिरियल बघणाऱ्या बायका विचार करत नाहीत तर मला आता राग येतो.

मला एवढंच वाटतं की ऐकायची जागा परत तयार करा. चॅनेलना हे अवघड नाहीये. एवढे इव्हेंट करता, पुरस्कार सोहळे करता, महिन्यातून अर्धा तास प्रेक्षकांच्या पत्रांना द्या, फोन लावून द्या त्यांना, कुणीतरी वडीलधारं नीट बोलेल असं बसवा तिथे. दूरदर्शनने चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं. बातम्या लिहिणाऱ्यांनी पाच कमेंट चिकटवण्यापेक्षा एका बाईला गाठून अर्धा तास विचारावं, ती काय म्हणते ते तिच्या शब्दात छापावं. आणि घरातल्या पुरुषांनी, माझ्या बाबांनीसुद्धा, पेपर खाली ठेवून एकदा विचारावं की तुला असं का वाटतं.

मालिका ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याच्या आधी, तो आशुतोष गेल्यानंतरच्या महिन्यात, मी सांगलीला गेले होते तेव्हा मावशी म्हणाली मला पत्र लिहायचंय त्यांना. कुणाला? "त्यांनाच. लिहिणाऱ्यांना. पत्ता दे." मी शोधला, मला काही तिच्या कामाचा पत्ता सापडला नाही, म्हटलं कमेंट टाकूया माझ्या अकाउंटवरून, तर नको म्हणाली, कमेंट म्हणजे सगळ्यांसमोर, मला त्यांना एकट्याला सांगायचंय. मग वहीचं पान फाडून तिनेच लिहिलं, मशीनच्या फळीवर वही ठेवून, चष्मा लावून, तासभर. मला वाचायला दिलं. दोन बाजू भरून लिहिलं होतं, पहिलंच वाक्य होतं, "तुम्ही आशुतोषला मारायला नको होतं, त्याचं कारण मी सांगते." कारण काय ते मी इथे लिहीत नाही, ते तिने त्यांना लिहिलंय. पत्र माझ्याकडेच आहे, पत्त्याच्या शोधात. खाली तिने सही केलीये, पूर्ण नाव लिहून. आडनाव माहेरचं आहे.